निवटी नावाचं मशीन

आमच्या ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरना माशांची नावं होती. जिताडा, शिंगाळा, बोंबील, कोळंबी, चिंबोरी. माजिवड्याच्या नाक्यावरून थोडं आत गेलं की एक जुनी औद्योगिक इमारत होती, तिच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ड्रॉइंग ऑफिस. कारखान्यांच्या पाइपलाइनींची ड्रॉइंगं आम्ही करायचो. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. युनिक्सवर चालणारी वर्कस्टेशनं काचेच्या एका खोलीत मांडलेली. चपला बाहेर काढून आत जायचं, आणि आत एसी इतका की मे महिन्यातही मी स्वेटर घेऊन जायचे.

नावं दादांनी ठेवलेली. दादा म्हणजे ती सगळी मशीनं सांभाळणारे आमचे सिनियर. खाडीकाठच्या बाळकुमचे, चाळिशी ओलांडलेले, लग्न न केलेले. घरी ते आणि त्यांची म्हातारी आई. बोलायचे अगदी कमी. मी कोपरहून यायचे, माझ्याही घराच्या मागे खाडीच होती, म्हणून असेल, माझ्याशी जरा जास्त बोलायचे. तेही भरती-ओहोटीबद्दल.

मशीनला नाव कळत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. मशीनला फक्त नंबर कळतो. आपण ‘जिताडा’ म्हटलं की ते स्वतःकडची एक फाइल उघडतं, जिताड्यासमोर कुठला नंबर लिहिलाय ते बघतं आणि त्या नंबरावर जाऊन दार वाजवतं. अशी फाइल प्रत्येक मशीनवर वेगळी. नवीन मशीन आलं की दादा एकेका खुर्चीवर बसून प्रत्येक फाइलीत त्याचं नाव घालत फिरायचे. बारशाला घरोघर आमंत्रण द्यायला निघाल्यासारखे.

एका दिवाळीनंतर त्यांना कावीळ झाली. सुटीवर गेले ते परत आलेच नाहीत. आम्हाला कळलं तोवर सगळं उरकलेलं होतं. आमचे शिपाईमामा तेवढे वेळेत पोहोचले होते, कारण ते त्याच बाजूला राहायचे. काचेच्या खोलीबाहेरच्या रॅकमध्ये दादांच्या ऑफिसात घालायच्या निळ्या पट्ट्याच्या स्लिपर तशाच राहिल्या. झाडताना मामा त्या उचलायचे आणि परत तिथेच ठेवायचे.

थोड्या दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. “अगं, दादांचं काम आता तू बघ. आणि ते फाइली भरत फिरणं बंद कर. एकाच मशीनवर सगळी नावं ठेव, बाकीची त्याला विचारतील.”

मी दादांच्या खुर्चीवर, त्यांच्याच जिताडा नावाच्या मशीनसमोर बसायला लागले. शिंगाळ्यावर नावांचा सर्व्हर उभा केला. मग एकेका मशीनला सांगत गेले: आधी स्वतःच्या फाइलीत बघ, तिथे नसेल तर शिंगाळ्याला विचार. बाकीच्यांच्या फाइलीतली जुनी नावंही पुसली. स्वतःची फाइल शेवटी करायची म्हणून ठेवली होती.

आमच्याकडे एक छोटी कमांड होती. ती देऊन पुढे मशीनचं नाव लिहायचं. ते मशीन चालू असलं तर पडद्यावर एक ओळ उमटायची: अमुक इज अलाइव्ह. अमुक जिवंत आहे. पहिल्यांदा वाचताना गंमत वाटते, नंतर डोळ्यांना सवय होते. त्या दिवशी सगळी नावं मी एकदा तपासली, सगळी जिवंत होती. मग उलटी चाचणी घेतली. जे नाव नाहीच त्याला ‘नाही’ असं उत्तर यायला हवं. मी पापलेट लिहिलं. असं कोणी नाही. हलवा लिहिलं. असं कोणी नाही. आदल्या संध्याकाळी घरामागच्या चिखलात निवट्या, ओहोटीला चिखलावर येणारे ते छोटे मासे, उड्या मारताना बघितल्या होत्या, म्हणून निवटी लिहिलं.

निवटी जिवंत आहे, असं उत्तर आलं.

निवटी नावाचं मशीन आमच्याकडे नव्हतं. प्रत्येक मशीनवर दादांच्या अक्षरातली नावाची चिठ्ठी होती, मी सगळ्या चिठ्ठ्या रोज बघत होते. मी शिंगाळ्यावरच्या सर्व्हरला सरळ विचारलं, निवटी कुठे आहे? असं नाव नाही, तो म्हणाला. बोंबीलवर जाऊन कमांड दिली. असं कोणी नाही. परत दादांच्या खुर्चीवर येऊन तीच कमांड दिली. निवटी जिवंत आहे.

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. आत डबा खायला बंदी, त्यामुळे सगळे उठून बाहेर गेले. मी एकटी राहिले. एसीचा आवाज आणि पंख्यांची घरघर. काचेपलीकडे बाकावर मामा बसले होते, त्यांचं तोंड तिकडे. मी वाकून मशीनच्या मागे हात घातला आणि केबलचा जोड काढून टाकला. आता हे मशीन जगापासून तुटलेलं होतं. कोणाची हाक आत येणार नव्हती आणि इथली कुठे जाणार नव्हती.

पुन्हा लिहिलं. निवटी जिवंत आहे.

अंगावरचा काटा स्वेटरच्या आत टोचत होता. केबल काढल्यावरही जे उत्तर देतं ते कुठून देतं? बराच वेळ मी त्या ओळीकडे बघत बसले. मग हळूहळू डोकं चालायला लागलं. केबल नसताना उत्तर देऊ शकेल असं एकच मशीन होतं. जे मी वापरत होते ते.

फाइल उघडली. प्रत्येक मशीनला स्वतःला हाक मारण्यासाठी एक ठरलेला नंबर असतो, जगातल्या सगळ्या मशीनना तोच. ती ओळ सगळ्यात वर होती. तिच्यात नेहमीचं नाव, मग मोकळी जागा, आणि इतकी मोकळी जागा की खिडकीच्या कडेबाहेर सरकवल्यावरच दिसावं असं, अगदी टोकाला, बारीक अक्षरांत: निवटी. दादांनी स्वतःच्या मशीनला एक दुसरं नाव देऊन ठेवलं होतं. बाहेरच्या कोणाला कळू नये आणि आत बसलेल्यालाच कळावं असं.

कोडं सुटलं म्हणून बरं वाटायला हवं होतं. पण दादा इथे एकटे बसून स्वतःच्याच मशीनला हाक मारत होते का, हा विचार काही सुटेना. साहेबांनी सगळं साफ करायला सांगितलं होतं. मी ते नाव पुसायला गेले आणि कोपऱ्यातला फोन वाजला.

त्या फोनबद्दल मामांनी मला आधीच सांगितलं होतं. मशीनच्या कंपनीचे दुरुस्तीवाले दूरहून आमच्या मशीनशी बोलायचे, त्यासाठी ती थेट लाइन होती. “दादा गेल्यावर पण जेवणाच्या टायमाला वाजतो. दोनदा वाजून बंद पडतो, तिसऱ्यांदा वाजतच राहतो. मी एकदा उचललेला. कोणतरी बाई हाका मारते, कोणाला ते कळत नाय. तुम्ही उचलू नका, मॅडम.”

फोन थांबला. परत वाजला. थांबला. तिसऱ्यांदा वाजायला लागला. काचेपलीकडे मामा उठून उभे राहिलेले दिसले. ते मान हलवत होते. मी उचलला.

आधी फक्त वारा ऐकू आला. मोकळ्या जागेवरचा, पाण्यावरून येणारा. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. फार लांबून, जसं बांधावर उभं राहून पलीकडच्या माणसाला बोलवावं, तसा ओढून:

“निवटीऽऽ...”

पडद्यावर ते नाव अजून उघडंच होतं.

“निवटीऽऽ...”

मला फोन ठेवता येईना.

“निवटीऽऽ...”

“ओ,” मी म्हणाले.

मी म्हणायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. लाइनवर फक्त वारा उरला. मग तोच आवाज, अगदी जवळून, हळू: “आज ओ दिलीस रे बाबा.” आणि फोन ठेवल्याचा आवाज.

मामांनी मला पाणी आणून दिलं.

घरी आईला सांगितलं तर ती हातातली पोळी तव्यावर टाकायची विसरली. “दुसऱ्याच्या हाकेला ओ देतात का गं? खाडीवर राहतेस आणि एवढं कळत नाही?” आई कधी घाबरली की मला आणखी भीती वाटते. बाबांनी मात्र पेपर खाली ठेवला. विहारात दर रविवारी मुलांना शिकवायचे ते. “आपण असलं काही मानत नाही. फोन कोणीतरी माणूसच करतं. ज्याची भीती वाटते तिथे उजेडात जाऊन यायचं. जा, बघून ये कोण आहे.”

ते नाव ठाऊक असेल अशी म्हातारी बाई मला एकच सुचत होती, दादांची आई. दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन मी बाळकुमला गेले. भर दुपार होती, ओहोटीची वेळ. घरांच्या मागे चिखल लांबपर्यंत उघडा पडला होता आणि त्यावर उन्हाचा असा चमकता थर होता की डोळे ठरत नव्हते. माणूस एकही दिसत नव्हतं. चिखल मात्र हलत होता. नीट बघितलं तर निवट्या. बोटाएवढे जीव, डोक्यावर आलेले डोळे, शेकड्यांनी, सगळे जणू आमच्याकडेच वळलेले. मी एक पाऊल टाकलं आणि सगळे एकदम बिळात गेले. चिखल परत मोकळा. मामा म्हणाले, “चला ना, मॅडम.”

दादांची आई ओट्यावर सुकी कोळंबी निवडत होती. लहानखुरी, कानात जड सोनं, नजर एकदम स्वच्छ. मामांनी ओळख करून दिली, ऑफिसातली पोरगी म्हणून. तिने मला आपादमस्तक बघितलं.

“काल ओ दिलीस ती तूच ना गो?”

मी मान हलवली.

“बस. मना कळलं तवाच. बाईचा आवाज हुता.” ती हसली. “घाबरलीस?”

“हो,” मी म्हणाले. “आई, तुम्हाला... दादा...”

“माझा पोर जेला, मना ठाव हाय. मी येडी नाय झाले.” हात थांबले नव्हते. “ल्हान असताना सारखा चिखलात. अंगभर गाळ, नुसते डोळे चमकायचे, म्हणून निवटी. कामाला लागला तरी जेवायच्या टायमाला मी दुकानातून फोन करायची. इथं पहिल्या हाकेला ओ द्यायची नाय, दुसऱ्या हाकेला नाय, हे मीच शिकवलेलं त्याला. पाण्यावरनं कोण हाक मारल, काय नेम. तिसरी हाक आपल्या माणसाची. म्हणून तो फोन तिसऱ्यांदा उचलायचा, आणि हाका पण तीन झाल्याबिगर बोलायचा नाय. हट्टी.”

मग ती म्हणाली, “एकदा बोललेला, आई, तिथल्या माझ्या मशीनला मी घरचं नाव दिलंय. मी नसलो आनि कोनी निवटी म्हटलं, तर ते ओ देतं. आता तो नाय. म्हटलं, बघावं तरी.”

मामा दुसरीकडे बघत होते. घरामागून कसलातरी टपटप आवाज येत होता, चिखलात काहीतरी पडल्यासारखा, आणि तो थांबून थांबून येत होता. म्हातारीने एकदा तिकडे बघितलं आणि परत माझ्याकडे.

“ते मशीन अजून ओ देतं?”

“देतं,” मी म्हणाले.

“मग राहू दे. कोनाला अडचन नसंल तर.”

अडचण कोणालाच नव्हती. ते नाव फक्त त्याच मशीनवर होतं, बाहेरच्या कोणाला दिसतही नव्हतं. साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “ठीक आहे. त्याने काही बिघडत नाही.” जिताड्याची बाकी फाइल मी साफ केली, वरची ओळ तशी ठेवली.

त्यानंतरही फोन यायचा, पण रोज नाही. मी तिसऱ्यांदा वाजल्यावर उचलायचे. ती निवटीला हाक मारायची, मी गप्प राहायचे, आणि मग ती नेहमीच्या आवाजात विचारायची, “जेवलीस?” एवढंच. आईला ते आवडत नव्हतं. मला मात्र त्या तीन हाका ऐकताना प्रत्येक वेळी तेच व्हायचं. मानेमागे गार, आणि पडद्याकडे बघायची हिंमत नाही. या भीतीची मला कधी सवय झाली नाही. आजही मी ती उगाचची भीती होती असं म्हणणार नाही.

पुढे कंपनीने घोडबंदर रोडला मोठी जागा घेतली. जुनी वर्कस्टेशनं कोणी घेईना, ती भंगारात गेली. नव्या मशीनना मुख्य ऑफिसातून नावं आली, नुसती अक्षरं आणि आकडे. फोन नंबरही बदलला. हे सांगायला मी बाळकुमला गेले. म्हातारी आता थकली होती, दुकानापर्यंत चालत नव्हती. मी सांगितलं ते तिने ऐकून घेतलं, पण कितपत कळलं कोण जाणे. तिने माझ्या लग्नाचं विचारलं, मुलगा कल्याणचा आहे म्हटल्यावर “लांब पडलीस गो” म्हणाली.

निघताना तिने शेजारणीला हाक मारून एक चिंबोरी, खाडीतला खेकडा, मागवली. जिवंत, मोठी, नांगे सुतळीने बांधलेले. मी नको म्हणत होते, तिने ऐकलं नाही. कापडी पिशवीत घालून तिने ती माझ्या हातात दिली. परतीच्या बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन मी बसले होते, आणि आतून कापडावर नखं ओढल्याचा आवाज येत होता, थांबायचा आणि परत यायचा. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे त्यात? मी सांगितलं, चिंबोरी, जिवंत आहे. ती जरा सरकून बसली.