निमंत्रकांची प्रश्नचिन्हं

पुतणीच्या लग्नपत्रिकेसाठी निमंत्रकांची नावं मी नोटपॅडमध्ये टाइप केली. सेव्ह करताना नोटपॅडने बजावलं, या एन्कोडिंगमध्ये काही अक्षरं हरवतील. असल्या सूचना वाचत बसलो असतो तर जन्मात एक फाइल सेव्ह झाली नसती. मी ओके दाबलं.

जळगावच्या छापखान्याने आलं तसं छापलं. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. माझ्या लक्षात येईपर्यंत पत्रिका वाटून झाल्या होत्या.

धुळ्याहून थोरल्या काकांचा फोन आला. "मन्हं नाव तिसरं का शे?"

"नाना, तिथे नावंच नाहीत!"

"बठ्ठास्मा लांब ओळ तिसरी शे. एवढं लांब नाव आपला घरमा मन्हंच शे."

नाना हळदीला आले नसते तर गावभर बोभाटा झाला असता. मी मुकाट्याने फाइल उघडली, सगळ्यात लांब ओळ उचलून पहिल्या जागी नेली आणि पत्रिका पुन्हा छापल्या. नावं नव्याने टाइप करावीत हे सुचलंच नाही. भांडण क्रमाचं होतं.

नाना खूश झाले. दुसऱ्या दिवशी जामनेरचे धाकटे काका नवी पत्रिका घेऊन दारात उभे. दुसऱ्या ओळीतल्या प्रश्नचिन्हांवर बोट ठेवून म्हणाले, "मला खाली कुणी ढकललं?"