कोपऱ्यातला तपकिरी फ्रॉक

चौकटरावांचं खरं नाव कुठल्यातरी कागदावर असेल तर असेल, गावात ते कुणाच्याच तोंडी नव्हतं. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून ते चौकट करायचे आणि एक डोळा मिटून तिच्यातून जगाकडे बघायचे. रस्त्यात, दवाखान्यात, अगदी बायको पिशवी घेऊन बाजाराला निघाली तरी. समोरचा माणूस पोटतिडकीनं बोलतोय आणि हे त्याचं नाक चौकटीत कुठं बसतं ते बघतायत! असल्या माणसाला दुसरं काय नाव पडणार?

धंदा चेहरे रंगवण्याचा. बँकेचे अध्यक्ष, कॉलेजचे प्राचार्य, ग्रंथालयाला खोली बांधून देणारे शेठ, सगळे यांच्याच हातून भिंतीवर चढले. त्यातही यांची लबाडी असायचीच. चिकट अध्यक्षाच्या मागं ते असा थंडगार निळा लावायचे की चित्रासमोर उभं राहणाऱ्याला आपोआप हात खिशात घालावेसे वाटायचे. मायाळू प्राचार्यांच्या मागं उबदार मातकट रंग. अध्यक्षही खूश, प्राचार्यही खूश.

"खोटं माणूस बोलतो. रंगाला नाही जमत," असं म्हणायचे.

नियम बाकी कडक. तांबडा रंग ओरडतो, तो दिला की बाकीच्यांनी गप्प बसायचं, हा एक. आणि जुना रंग ब्लेडनं खरवडून कापड उघडं केल्याशिवाय त्यावर नवा चढवायचा नाही, हा दुसरा. नाहीतर दहा वर्षांनी पापुद्रे सुटतात आणि चारचौघांत शोभा होते.

घरात बायको आणि दोन मुली. थोरली बारा वर्षांची आणि धाकटी नऊची असताना त्यांनी तिघींचं एक मोठं चित्र केलं. डावीकडे खिडकीशी थोरली, पिवळ्या फ्रॉकमध्ये, सगळं ऊन अंगावर घेऊन. मधे खुर्चीत आई, तिचा हात थोरलीच्या खांद्यावर. आणि उजव्या कोपऱ्यात, कपाटाच्या सावलीत, धाकटी.

धाकटीनं त्या दिवशी हट्टानं नवाकोरा लाल फ्रॉक घातला होता. चौकटरावांनी तो तपकिरी रंगवला. पोरगी कॅनव्हासशी येऊन उभी राहिली.

"बाबा, माझा लाल आहे."

"लाल दिला तर ताईकडे कोण बघणार? चल, उभी राहा जागेवर."

पोर गेली आपली जागेवर. आईनं मात्र ऐकलं नाही. खिडकीकडे बघ म्हटलं की दोन मिनिटं बघायची, की नजर पुन्हा कोपऱ्यात.

"अहो, पाय दुखत असतील हो तिचे."

चार दिवस यावरून भांडण. शेवटी वैतागून त्यांनी नजर होती तशीच रंगवली, कोपऱ्याकडे वळलेली. आणि गंमत बघा, चित्र तिथंच जमलं. पिवळा रंग डोळ्याला डावीकडे ओढायचा, आईची नजर उजवीकडे न्यायची, आणि सगळं तराजूच्या काट्यासारखं मधोमध थांबायचं. प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. बघायला आलेल्यांना चौकटराव छाती फुगवून सांगत होते, "धाकटीला मी पिवळ्याच्या उठावासाठी वापरलंय. कुणीतरी मागं राहिल्याशिवाय कुणी पुढं येत नाही!"

धाकटी त्यांचं बोट धरून शेजारीच उभी होती. काय बोलावं माणसानं पोरीच्या देखत! हजार चेहरे वाचणारा हा माणूस, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

वर्षं गेली. थोरली लग्न होऊन लांबच्या शहरात गेली आणि फोनवरून माया करू लागली. धाकटी इथंच गावात राहिली, बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत नोकरीला लागली. "चित्रात नाही मिळाली ती खिडकी सरकारनं दिली," असं म्हणून स्वतःच हसायची. आईचं तीन वर्षांचं दुखणं तिनंच काढलं. आई गेल्यावरही दर रविवारी ती यायची, घर आवरायची, म्हाताऱ्याची नखं कापायची.

आईला जाऊन वर्ष झालं तेव्हा वस्तू कुणी काय घ्यायच्या असा विषय निघाला. धाकटी म्हणाली, "दागिने, भांडी, जे असेल ते ताईला द्या. मला फक्त ते चित्र हवंय."

चौकटराव चाटच पडले. जिथं हिला सावलीत उभं केलं, नेमकं तेच? का गं, एवढा एक प्रश्न विचारायचा होता. नाही विचारला. विचारणं या माणसाच्या रक्तातच नव्हतं, बघणं तेवढं होतं.

पोरीला द्यायचं तर नव्या फ्रेममध्ये देऊ म्हणून ते चित्र घेऊन फ्रेमवाल्याकडे गेले. फ्रेमवाला नवा, बोलका. मापं घेता घेता म्हणाला, "या तुमच्या मिसेस, ही मुलगी. आणि ही कोपऱ्यात कोण? कामाला होती का?"

चौकटरावांनी त्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"ती माझी धाकटी," ते म्हणाले.

"असं होय," म्हणत तो माणूस घाईघाईनं टेप गुंडाळायला लागला. त्याचं काय चुकलं? चित्रात जे लिहिलं होतं तेच त्यानं वाचलं.

फ्रेम न करताच चित्र घरी आलं. सोमवार होता. रविवारी धाकटी यायची होती. चौकटरावांनी ठरवलं, पोरीला तिचा लाल फ्रॉक द्यायचा. आता पंचेचाळीस वर्षांनी! वरातीमागून घोडं. पण इतकी वर्षं गप्प राहिलेली पोरगी चित्र मागतेय, ती त्या तपकिरी फ्रॉकातच घरी जायची का?

वय शहात्तर, हाताला कंप. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी दोन दिवस तपकिरी रंग खरवडला. मग लाल घोटायला बसले आणि तिथंच अडले. तो फ्रॉक नक्की कुठला लाल होता, ते आठवेना. विटेचा, मिरचीचा, की लाखेचा? त्या दिवशी त्यांनी पोरीकडे चार तास बघितलं होतं, आणि तरीही आठवेना. शेवटी त्यांच्याकडचा सगळ्यात चांगला लाल त्यांनी लावला.

गुरुवारी फ्रॉक झाला. चौकटराव मागं सरकले आणि त्यांनी बोटांची चौकट केली. चित्र उजवीकडे कललं होतं. लाल कोपऱ्यातून ओरडत होता, आईची नजरही तिकडंच, आणि बघणाऱ्याचा डोळा घसरत जाऊन चित्राबाहेर पडत होता. बिचारी थोरली तिकडं उन्हात एकटीच.

पन्नास वर्षं हात चाललेला माणूस. उपाय काय ते त्यांना क्षणात दिसलं. आईची बुबुळं. बोटाच्या पेराएवढी जागा, तेवढी खिडकीकडे वळवली की झालं. शुक्रवारी त्यांनी डोळे खरवडले, अगदी नियमाप्रमाणे, कापड उघडं होईपर्यंत, आणि नवे काढले. पुन्हा चौकट धरली. जमलं! लाल इकडं, पिवळा आणि नजर तिकडं, तराजू बरोबर. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आनंदाचं हो, खरंच आनंदाचं.

रविवारी धाकटी आली. तिनं चहा टाकला. चौकटराव लहान मुलासारखे चुळबुळत होते. तिनं कप आणून ठेवले तसं त्यांनी चित्रावरचं फडकं ओढलं.

"बाबा!" ती ओरडलीच. तोंडावर हात गेला, हसू फुटलं. "अगं बाई, लाल! माझा लाल फ्रॉक!" तिनं बोट पुढं केलं.

"ओलं आहे, हात लावू नकोस," ते म्हणाले. असा आनंद या घरानं कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

मग तिची नजर कोपऱ्यातून वर गेली, रोजच्या वाटेनं जावी तशी. आणि थांबली.

"आई कुठं बघतेय?"

"खिडकीकडे. अगं, लाल आला ना, मग तोल..."

"ती माझ्याकडे बघायची."

चौकटरावांनी वळून चित्राकडे बघितलं.

"बाबा, या चित्राखालून मी शाळेत जायची, कामावर जायची. बाकी कुणी बघो न बघो, आई तेवढी बघायची. म्हणून तर मागितलं मी. फ्रॉकाचं काय, मी कधीच विसरले होते."

म्हातारा धडपडत उठला. चिंधी घेतली, टर्पेंटाइनची बाटली घेतली. "ओलं आहे गं अजून, आत्ता पुसतो, एका मिनिटात..."

"खाली जुनी नजर आहे ना?"

चिंधी हवेतच राहिली. जुन्यावर नवं चढवायचं नाही, हे तिलाही त्यांनीच शिकवलं होतं. उत्तराची तिला गरज पडली नाही.

"पुन्हा काढतो," ते म्हणाले. "अगदी तशीच काढतो. तू सांग, कशी बघायची?"

"मी काय सांगू? मी नऊ वर्षांची होते. समोर तुम्ही बसला होतात."

चौकटरावांनी डोळे मिटले, बोटांची चौकट केली. खिडकी दिसली, ऊन दिसलं, पिवळ्या फ्रॉकवरची प्रत्येक चुणी दिसली. बायकोची नजर काही केल्या येईना. ती त्यांनी वैतागून रंगवली होती, बघितलीच नव्हती.

धाकटीनं फडकं पुन्हा चित्रावर टाकलं. गार झालेला चहा गरम करून त्यांच्यापुढं ठेवला. मग दर रविवारसारखा त्यांचा हात मांडीवर ओढला आणि नखं कापायला बसली. नखांत लाल रंग भरला होता, तो ती टोकरून काढत राहिली.

"ताईला द्या ते," मान वर न करता ती म्हणाली. "आई आता तिच्याकडेच बघतेय."