तिघांच्या मताची व्हिस्की

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. हॉटेलच्या बारमागे उभं राहून गिऱ्हाइकाने न विचारलेली माहिती द्यायची सवय, म्हणून हे नाव पडलं. बायको म्हणायची, लोक प्यायला येतात आणि तुम्ही भाषण वाढता. मास्तर त्यावरही थोडं बोलत.

त्यांची एकच इच्छा होती. अमेरिकेतल्या टेनेसीची व्हिस्की, एकाच पिंपातली, पाणी घालून सौम्य न केलेली, आणि ते पिंप आपण चाखून आपल्या बारसाठी निवडलेलं. शेजारी ठेवलेली दोन पिंपंसुद्धा सारखी निघत नाहीत, हे त्यांनी मालकाला इतकी वर्षं ऐकवलं की शेवटी, बहुधा विषय मिटावा म्हणून, मालकाने होकार दिला. कंपनीकडून तीन पिंपांचे नमुने तीन कुप्यांत आले. मास्तरांनी तिन्ही हुंगले आणि दुसऱ्यावर त्यांचा जीव जडला. करपलेली साखर, जास्त पिकलेलं केळं आणि मागून नव्या लाकडी कपाटाचा वास.

अडचण अशी की हॉटेल तिघांचं होतं. मालक, त्याची धाकटी बहीण, जिला सगळं हॉटेल ताई म्हणे, आणि तिचा नवरा, म्हणजे सगळ्यांचे भाओजी. या घरात कोणाचंच मत डावललं जात नसे. भिंतींच्या रंगावरून मतभेद झाले तेव्हा तिन्ही डबे एकत्र कालवले होते. त्या रंगाला अजून नाव सापडलेलं नाही.

दुपारी, बार बंद असताना, तिघं चाखायला बसले आणि तिथेच मास्तरांनी स्वतःचा घात करून घेतला. इतक्या कडक व्हिस्कीत पाण्याचे चार थेंब टाकले की जाळ कमी होतो आणि ती बोलू लागते, हे त्यांना ठाऊक होतं. पण पहिला घोट कोराच घ्यायचा, हा त्यांचा नियम. पाणी त्यांनी दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवलं.

मालकाने चहा प्यावा तसा घोट घेतला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. भाओजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, छान आहे. ताईने रुमालाने जिभेला वारा घातला. यानंतर त्यांच्यापुढे रॉकेल ठेवलं असतं तरी चाललं असतं. तरीही मतं पडली. मालकाला पहिला नमुना आवडला, कारण तो पहिला होता. ताईला तिसरा, कारण तोवर तोंड बधिर झालं होतं. दुसरा भाओजींनी घेतला, कोणीच घेतला नव्हता म्हणून.

निदान एक मत आपल्या बाजूला पडलं, एवढ्या आधारावर मास्तर दुसऱ्या नमुन्याबद्दल बोलू लागले. ते केळ्यापर्यंत पोचले आणि ताईने तिन्ही कुप्या एका जगमध्ये रिकाम्या करून वर बर्फ ओतला.

"दादा, आता बघ."

दादाने बघितलं. भाओजींनी दोनदा बघितलं. हॉटेलच्या इतिहासात प्रथमच भांडणाशिवाय एकमत झालं.

"मास्तर, हेच मागवा," मालक म्हणाला.

मास्तरांनी सांगितलं की असं पिंप नसतं. एक पिंप म्हणजे एकच पिंप.

"मग त्यांना मिसळून द्यायला सांगा ना."

"ते मिसळतातच, मालक. पुष्कळ पिंपं एकत्र करतात, पाणी घालतात आणि बाटलीत भरतात. ती बाटली आपण रोज विकतो."

आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल, असं मास्तरांना वाटलं. पडला. म्हणजे इतकी वर्षं आपली निवड अगदी अचूक होती तर, असं म्हणून मालकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. कंपनीला नको म्हणून कळवा, पण गोड शब्दांत, हेही सांगितलं. ताई म्हणाली, बरं झालं, अख्ख्या पिंपाच्या एवढ्या बाटल्या ठेवायच्या कुठे हा प्रश्नच मिटला. तिघं समाधानाने जेवायला गेले.

मास्तरांनी कुप्या उलट्या करून पाहिल्या. थेंब नव्हता. मग जगच्या तळाशी उरलेलं, बर्फाच्या पाण्याने पातळ झालेलं, त्यांनी ग्लासात घेतलं आणि त्यात दुसरा नमुना शोधत राहिले. केळं सापडलं नाही, कपाट सापडलं नाही. चिडायला तेवढं पुरेसं होतं. पण खरा संताप याचा होता, की ते प्यायला बरं लागत होतं.