न दिलेला निरोप

बोईसरला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी एका गाळ्यात मी नऊ वर्षं खानावळ चालवली. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवरा इथल्या एका कंपनीत फिटर आहे, आणि त्याच्या खात्यातली एकटी राहणारी माणसं त्याच्या डब्यावर डोळा ठेवून असायची. तिथून सुरुवात झाली. आधी घरून आठ डबे, मग वीस, मग हा गाळा. सहा टेबलं, दोन पंखे, बाहेर पाटी आणि पाटीवर माझा मोबाइल नंबर.

खानावळ माझी, पण लोक यायचे ते तांदळाच्या भाकरीसाठी, आणि भाकरी मावशींची. त्या जवळच्या पाम गावच्या. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांना मावशी म्हटलं आणि तेच नाव पडलं. मी ज्वारीची भाकरी थापणारी. तांदळाची उकड काढून, ती गरम असतानाच मळून, पाण्याच्या हाताने कागदासारखी पातळ भाकरी थापणं मला नऊ वर्षं शेजारी उभं राहूनही जमलं नाही. माझ्या भाकरीला कडेने चिरा पडायच्या. मावशींची टम्म फुगायची. बोंबलाचं कालवण मीही बरं करायचे, पण कालवणाची तारीफ करणारा माणूस ताटात दुसरी भाकरी मागत असायचा, हे मला दिसत होतं.

पहिली पाच-सहा वर्षं माणसांची अडचण अशी कधी आली नाही. एक गेलं की दुसरं दारात उभं असायचं. जव्हारकडचं एक जोडपं भांडी घासायला आणि भाजी चिरायला होतं. भातलावणीला गावी जायचं, आणि कापणी झाली की परत यायचं. एका वर्षी ते परत आलंच नाही. वाढायला दोघं होते, ते महिन्याभराच्या अंतराने कंपन्यांत लागले. प्रत्येक गेटवर फलक लागलेला असायचा, कामगार पाहिजेत. कंपनीची बस दारात यायची, आठवड्याची सुट्टी भरपगारी असायची, फंड कापला जायचा. रस्त्यावरच्या ढाब्यांनाही माणसं हवी होती, आणि ते राहायची सोय करून देत. माझ्याकडे देण्यासारखं काय होतं? दोन वेळचं जेवण, आणि दिवाळीला साडी.

असं करता करता मी आणि मावशी दोघीच उरलो. भांड्यांना एक बाई दोन तास येऊन जायची. मी वाढायचे, गल्ला बघायचे, कालवण करायचे. मावशी शेगडीसमोरून हलायच्या नाहीत. सकाळी नवाला उकडीचं आधण ठेवलं की तीनपर्यंत त्यांना बसायला मिळायचं नाही.

हे आता कबूल करायला हवं की मी त्यांना बसायला स्टूलसुद्धा दिलं नव्हतं. त्यांची आई गेली तेव्हा त्या पाचव्या दिवशी कामावर आल्या. डोळे सुजलेले होते. मला वाईट वाटलं, पण त्याआधी मला हायसं वाटलं. चार दिवस मी बाहेरून पोळ्या आणून वाढत होते आणि लोक कुरकुरत होते.

एके दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर त्या हात पुसत माझ्याजवळ आल्या.

"वहिनी, एक सांगायचं हाय. रागवू नका."

"काय झालं?"

"औषधाच्या कंपनीत बायका घेतायत, पॅकिंगला. मी अर्ज दिलाय. घरातला फोन पोरगी कॉलेजात नेते, म्हनून तुमचा नंबर टाकलाय. चालंल ना?"

मी लगेच म्हणाले, "अहो, चालेल की. त्यात विचारायचं काय?"

"होतंय का नाय, देवाला ठावं. वय झालं ना आमचं. पन गुडघे नाय आता ऐकत."

त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. दुसरी कुणी असती तर लागल्यावर कळवलं असतं, किंवा नुसतीच यायची थांबली असती. मी त्या रात्री नवऱ्यालाही काही बोलले नाही. त्यांना घेणार नाहीत, असं स्वतःला सांगत राहिले.

फोन आठ-दहा दिवसांनी आला. अकरा वाजले होते. पन्नास डब्यांची ऑर्डर होती आणि मी डब्यांत कालवण भरत होते. पलीकडून एका मुलीने मावशींचं नाव घेतलं.

"त्या आहेत का?"

मावशी माझ्यापासून पाच पावलांवर होत्या. पाठ माझ्याकडे, हात उकडीत. तवा तापलेला होता.

"कामात आहेत," मी म्हणाले. "मला सांगा."

"उद्या दहाला आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन यायला सांगा. मेडिकल उद्याच आहे. नाही आल्या तर यादीतलं पुढचं नाव बोलावू."

"सांगते," मी म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा सांगायचं नाही असं काही मी ठरवलेलं नव्हतं. ही सबब म्हणून सांगत नाही, तसंच झालं होतं. आधी डबे जाऊ देत, मग सांगू. मग गिऱ्हाईक जाऊ दे. चार वाजता त्यांनी परात धुऊन उपडी घातली, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "जाते वहिनी."

आणि मी म्हणाले, "उद्या जरा लवकर या. उद्याही पन्नास डबे आहेत."

उद्या पन्नास डबे नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या साडेआठलाच आल्या. दहा वाजेपर्यंत मी घड्याळाकडे बघत होते. दहा वाजून गेले, साडेदहा झाले, आणि माझ्या जिवाला स्वस्थता आली. तेवढा वेळ मला खरोखर बरं वाटलं. पुढचं सगळं नंतर आलं.

आठवड्याने त्यांनी विचारलं, "वहिनी, फोन नाय ना आला?"

"नाही हो."

"मला वाटलंच. आपल्याला कोन घेतंय."

"असं कशाला म्हणता? त्यांचंच नुकसान," मी म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आजही एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवताना मला ते आठवतं आणि मी हात मागे घेते.

पुढच्या महिन्यापासून मी त्यांचा पगार वाढवला. त्यांनी पैसे कपाळाला लावले आणि संध्याकाळी घरून वालाचं बिरडं करून पाठवलं, मुलीच्या हाती. मी ते खाल्लं नाही. नवरा म्हणाला, फार छान झालंय.

दीड महिना असा गेला. मग एके दिवशी सकाळी मावशी आल्या. एरवी आल्या आल्या चहा टाकायच्या, त्या दिवशी नाही टाकला. मी विचारलं, बरं नाही का? त्यांनी नुसती मान हलवली. त्या दिवशीच्या सगळ्या भाकऱ्या त्यांनी केल्या. एकही फाटली नाही, एकही करपली नाही. शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन गेलं तेव्हा त्यांनी गॅस बंद केला आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आमच्या आळीतली एक बाई लागली तिकडं. माज्या जागेवर." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "तिला हापिसातल्या पोरीनं सांगितलं, आधीच्या बाईला फोन केला व्हता, ती आलीच नाय. वहिनी, फोन आला व्हता?"

मला "नाही" म्हणता आलं असतं. नेटवर्क, चुकीचा नंबर, काहीही.

"आला होता," मी म्हणाले.

"कदी?"

"डबे होते त्या दिवशी."

"मी हितंच व्हते ना?"

"हो."

त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. मी वाट बघत होते की आता बोलतील, शिव्या देतील, रडतील. त्या म्हणाल्या, "मी इचारलं तेवा तरी सांगायचं. मी गेले असते रडत त्यांच्या दारात. घेतलंही असतं कदाचित."

मी माफी मागितली. काय शब्द वापरले आठवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि गेल्या. महिना भरायला नऊ दिवस होते. झालेल्या दिवसांचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत. मी पाठवले ते परत आले.

मग मी माणसं शोधत राहिले. बाहेर फलक लावला, मासळी देणाऱ्या कोळणींना सांगितलं, पार चिंचणी गावापर्यंत निरोप पाठवले. एक तरणी मुलगी आली, नीटनेटकी, चुणचुणीत. तिने मला प्रश्न विचारले. बस येते का? सुट्टी भरपगारी असते का? फंड भरता का? मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले. ती उठताना म्हणाली, "काकी, राग मानू नका, मग मी इथं का येऊ?" तिचं म्हणणं खरंच होतं. एका बाईने दोन दिवस काम केलं आणि तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने येऊन सांगितलं की तिला आच सोसत नाही.

मग बिहारकडचा एक आचारी मिळाला. तंदूर नव्हता, पण तव्यावर रोट्या झकास करायचा. लोक भाकरी विसरतील असं मला वाटू लागलं. दहाव्या दिवशी, दुपारी साडेबाराला, टेबलं भरलेली असताना त्याने अॅप्रन सिलिंडरवर टाकला.

"भाभी, हाईवेवाले बुला रहे हैं. रहना-खाना दोनों है. गाड़ी बाहर खड़ी है."

"इतना खाना तो हो जाने दो," मी म्हणाले.

"गाड़ी नहीं रुकेगी, भाभी."

मी स्वतः भाकरी थापायला घेतली. अर्ध्या भाकऱ्या ताटात तशाच राहिल्या. चिरा पडलेल्या, कच्च्या. त्या उचलून बादलीत टाकताना मला पहिल्यांदा कळलं की हे आता सावरायचं नाही.

एका रविवारी मी पामला गेले. मावशींचं घर मला माहीत नव्हतं. नऊ वर्षांत मी कधी गेलेच नव्हते. विचारत विचारत पोचले. त्या ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ काढत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, मुलीला चहा टाकायला सांगितलं. सध्या कुठं जाता असं विचारलं तर म्हणाल्या, वाडीत जाते, चिकू उतरवायच्या दिवसांत रोज, एरवी मिळेल तसं. कंपनीत पुन्हा विचारलं होतं, पण आता वय बसत नव्हतं. ती शेवटचीच संधी होती.

"परत याल का?" मी विचारलं. विचारतानाच लाज वाटत होती. "सुट्टी देईन. मदतीला बाई देईन. तुम्ही म्हणाल तसं."

"नाय वहिनी."

"माझ्यावर राग आहे. असणारच."

"राग गेला," त्या म्हणाल्या. "पन तुमच्याकडं पाठ करून उभं ऱ्हायला आता नाय जमनार."

चहा झाला. गोड होता, आलं घातलेला. मी उठले तेव्हा त्या रस्त्यापर्यंत सोडायलाही आल्या. रीत त्यांनी मोडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या औषधाच्या कंपनीत गेले. गेटवरच्या माणसाने तासभर बसवलं, मग आतून एक मुलगी आली. तीच होती का, माहीत नाही. मी सांगितलं की चूक माझी होती, त्या बाईंची नव्हती, निरोप मी दिला नाही. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मॅडम, आता भरती कंत्राटदाराकडून होते. आमच्या हातात काही नाही." मग तिने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

मी पदर सावरला आणि गेटबाहेर आले.

आधी डबे बंद केले, मग मासळी, मग जेवणच. शेवटी नुसता चहा आणि पोहे उरले, आणि तेवढ्यासाठी गाळ्याचं भाडं भरण्यात अर्थ नव्हता. भांडी विकली, टेबलं एका चायनीजवाल्याने नेली. बंद करताना कुणी हळहळलं असं म्हणता येणार नाही. नेहमीची माणसं कधीच कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवायला लागली होती.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं ते गाळा सोडल्यानंतर. तोवर त्याला वाटत होतं, मावशी पगारावरून गेल्या.  तो म्हणाला, "मला त्या दिवशी फोन करायचा. मी अर्धा दिवस टाकून त्यांना गाडीवर नेऊन सोडलं असतं. आपलं व्हायचं ते झालं असतं."

 तो या वर्षी निवृत्त होईल. गावी जाऊ म्हणतो, घर आहे, थोडी जमीन आहे. मी हो म्हणते. सामान बांधायला घेतलं तर दोन दिवसांत होईल एवढंच आहे. पण रविवारी त्याला सुट्टी असते, आणि तो बांधाबांध काढू म्हणाला की मला पामचा तो ओटा आठवतो, मी काहीतरी कारण काढते, आणि ते राहून जातं.