रुसलेली ट्यूब आणि अर्धा कप चहा

"रुसली हाये, मेली नाई," असं म्हणून चाचा आधी बटण बंद करायचे आणि मग चहा सांगायचे.

ब्रह्मपुरीच्या एका राईस मिलमध्ये मी धानाचा काटा सांभाळतो. आमच्या शेडमध्ये दिवसाही उजेड बेताचाच, त्यामुळे ट्यूब गेली की चाचांना बोलावणं जायचं. बाजारात त्यांचं ट्यूब पेटवणाऱ्या चोकच्या दुरुस्तीचं दुकान होतं. स्वस्तातल्या चोकमध्ये नसलेलं एक सर्किट ते स्वतः बसवून द्यायचे. ट्यूब म्हातारी झाली, व्होल्टेज चढलं, काहीही बिनसलं की चोक तापायच्या आत आपोआप बंद. पुन्हा सुरू करायचा तर बटण बंद करून थोडं थांबायचं. हे थांबणं चाचांच्या हिशेबात अर्धा कप. मग बटण दाबायचं. लागली तर रुसली होती, लुकलुकून विझली तर मेली. चहा फुकट मिळावा म्हणून हे शास्त्र निघालंय, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती.

चाचांना रुसवा कळायचा, कारण ते स्वतः त्यातले उस्ताद. कुणी उलट बोललं की भांडायचे नाहीत, खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायचे. दुकानात गिऱ्हाईक असो नसो. मग चाची आतून चहा पाठवायच्या आणि अर्ध्या कपात खुर्ची सरळ व्हायची. तुमच्याही गावात असा एखादा असेलच.

एका हंगामात शेडमधल्या जुन्या ट्यूबा पटापट रुसायला लागल्या. धानाच्या गाड्या दारात उभ्या आणि मिलचे शेठ वैतागलेले.

"चाचा, ते बंद पाडणारं सर्किट काढूनच टाका ना."

"नाई काढत."

"काऊन?"

"ट्यूबा बदला, शेठ. चोकची गलती नाई."

"मिल माही हाये का तुमची?"

चाचांनी पिशवी उचलली आणि निघाले. मिलमध्ये भिंतीकडे फिरवायला त्यांची खुर्ची नव्हती, म्हणून सरळ घरी. शेठनी दुसऱ्या कुणाकडून ते सर्किट काढून घेतलं. शेड लख्ख झाली. शेठ खूश, आम्हीही खूश, आणि चाचा रस्त्यात दिसले तरी मान वळवून जायचे.

एका संध्याकाळी ते सायकलवरून समोरून चालले होते. ट्यूबांची टोकं निखाऱ्यासारखी लाल झालेली त्यांना रस्त्यावरून दिसली. अबोला होताच, म्हणून कुणाशी न बोलता आत आले आणि मेन स्विच खाली ओढला. पट्टे थांबले, मिल मुकी झाली. शेठ गादीवरून ओरडत आले. चाचा बॅटरी तोंडात धरून शिडीवर चढलेले. एका फिटिंगचा होल्डर वितळून वाकला होता, आणि वर साचलेला भुसा भाजून काळा झाला होता. तोच चिमूटभर खाली आणून त्यांनी शेठच्या तळहातावर ठेवला.

"हिले रुसूच नाई देलं तुम्ही," एवढंच म्हणाले.

शेठनी तो भुसा बोटांत चुरला आणि शेडभर नजर फिरवली. शेडमध्ये धान होतं, पोती होती, आम्ही सगळे होतो. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "चहा सांग. चाचाले आधी."

चाचांनी अर्धा कप घेतला, पण त्या दिवशी मेन वर केला नाही. सगळ्या ट्यूबा बदलून सर्किट परत बसेपर्यंत मिल बंद राहिली.

आता शेडमध्ये एलईडी आहेत. चाचा मागच्या उन्हाळ्यात गेले. आमचं माणूस गेलं, असंच वाटलं मला. त्यांच्या हातचा चोक फक्त माझ्या काट्याच्या खोलीत उरलाय.

काल ती ट्यूब विझली. मी बटण बंद केलं आणि चहा सांगितला. अर्धा कप झाला. हात बटणापर्यंत गेला आणि मी तो मागे घेतला. मग उरलेला चहा सावकाश प्यायलो आणि बटण तसंच राहू दिलं. रुसली असेल.