जळक्या साखरेचा वास

माझी मुलगी आठ दिवसांची होती. सकाळी तिचा लंगोट बदलताना गोडसर वास आला. पाक करताना साखर जरा जळली की येतो, तसा. मी लंगोट नाकाशी नेला, मग तिची टाळू हुंगली. तिथेही तोच वास.

"आत्या, बघ ना, कसला वास येतोय हिला?"

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्याकडे मामाची मुलगी सून म्हणून आणणं आनंदाचं मानतात. नवऱ्याला मी लहानपणापासून अरे-तुरेच करत आले.

"लेकराचा वास गोडच असतो माय," आत्या म्हणाली आणि लंगोट धुवायला घेऊन गेली.

त्याच दिवशी काविळीच्या तपासणीसाठी आम्ही घाटकोपरहून मुलुंडच्या हॉस्पिटलात रिक्षाने गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "दूध नीट ओढते का?" त्यांनी विचारलं.

"ओढते, पण मधेच झोपते. आणि हिला जरा वेगळाच वास येतोय."

त्यांनी वाकून वास घेतला. परत घेतला. मग हातातलं पेन खाली ठेवलं. "तुमचं लग्न नात्यात झालंय?"

"हो. आतेभाऊ."

त्यांनी शांतपणे समजावलं. काही बाळांच्या शरीराला दुधातलं प्रोटीन पचवता येत नाही, मग आईचं दूधच त्यांना विषासारखं होतं. अशा बाळांच्या लघवीला जळक्या साखरेसारखा वास येतो. नात्यातल्या लग्नात हा धोका जास्त. "फार क्वचित होतं हे. पण असलं तर थोड्याच दिवसांत मेंदूला इजा होते, म्हणून मी थांबू शकत नाही. रक्त पाठवते, दोन दिवसांत रिपोर्ट येईल. तोपर्यंत अंगावर पाजायचं नाही, सलाईन लावू."

तिला आत नेलं. इवल्याशा हाताला सुई टोचली, तेव्हाचं तिचं रडणं दारातून ऐकू आलं, आणि माझ्या अंगातून दूध वाहायला लागलं. विष, विष, एवढंच डोक्यात.

बाहेर बाकावर नवरा म्हणाला, "क्वचित होतं म्हणाल्या ना त्या? घाबरू नको गं." तो लिफ्टचा मेकॅनिक आहे, दहाव्या मजल्यावरून खाली खोल काळोख असतो तिथे उभा राहून काम करतो. त्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना.

मी आत्याकडे वळले. "तूच जुळवलंस हे. भावाचीच पोर पाहिजे, दुसरी नको म्हणून हट्ट धरलास."

आत्याने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे बघत बसली. नवरा नुसतं "अगं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी छाती दगडासारखी झाली होती. एक वयस्क सिस्टर दूध काढायला मदत करायला आल्या. ते दूध नुसतं बेसिनमध्ये ओतायचं होतं. माझ्यावर वाकल्या आणि थांबल्या.

"ताई, सेंट लावलाय?"

"नाही हो."

"मग हा तुमच्या घामाचा वास आहे. बाळाच्या लंगोटाला येतो, तोच."

मी गाऊनची बाही हुंगली. मला काहीच कळेना, नाकाला सवय झाली होती.

"काय खाताय सध्या?"

"बाळंतिणीचंच. मेथीचे लाडू."

"किती?"

"सकाळी दोन, संध्याकाळी दोन. आणि भिजवलेल्या मेथीचं पाणी, दूध यावं म्हणून."

सिस्टर तशाच उठून डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या. त्यांनी माझ्या बाहीचा वास घेतला. "मेथीने घामाला, लघवीला असा वास येतो, आणि दुधातून बाळालाही. तेच असू शकतं," त्या म्हणाल्या. "पण रिपोर्ट येईपर्यंत मी खात्री देणार नाही."

इतकी कडू मेथी अंगातून अशी गोड होऊन बाहेर पडते? मला विश्वास ठेवावासा वाटत होता आणि ठेवायची भीती वाटत होती. आतापर्यंत मी नुसती घाबरले होते. आता आशा लागली, आणि ती मोडली तर मी कुठे जाऊ, हे कळेना.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी दुपारी आला. नॉर्मल. मुलीला माझ्याकडे दिलं तेव्हा ती इतकी भुकेली होती की दोनदा ठसकली, आणि त्या ठसक्यानेही माझा जीव उडाला. मेथी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत दोघींच्या अंगाचा वास गेला.

घरी आल्यावर मी आत्याजवळ जाऊन बसले. "आत्या, त्या दिवशी मी जे बोलले ना..."

"तू बोलायच्या आधी माझ्याच मनात आलं होतं ते," ती म्हणाली. "तू बोललीस, मी नुसती बसले." मग म्हणाली, "डॉक्टरीणबाईला विचारून आले मी. पुढच्या बाळाच्या आधी तुम्हा दोघांच्या रक्तात असलं काही दडलंय का, याची तपासणी होते म्हणाल्या. करून घ्या."

आम्ही करून घेतली. रक्त देताना नवरा शेजारच्या खुर्चीत होता. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.