खुनी कोण, ते मी आधीच सांगून टाकलं

काय सांगू बाबांनो, अजून देवळाकडे जायचं झालं की मी मागच्या वाटेनं जाते! का? सांगते. पण चहा आधी पिऊन टाका. हसताना कुणाला ठसका लागला तर मी जबाबदार नाही. एका खुनाला जबाबदार आहे तेवढं पुरे.

मला लिहायला-वाचायला येत नाही. शाळेत मी पाऊल टाकलं ते फक्त नाटक बघायला, कारण मांडव शाळेच्या अंगणात पडायचा. पण आमच्या पेडण्यातली नाटकं? विचारा! कुठल्या जत्रेला कोण राजा झाला, कुणाची मिशी भर दरबारात गळून पडली, कुठली राणी दुसऱ्या दिवशी दाढी करून बाजारात भेटली, सगळं डोक्यात आहे. माझी सून नमिता एकदा म्हणाली, "आई, हे जपून ठेवूया," आणि तिनं वेबसाईट काढली. नाव 'पेडण्याचा मांड'. मांड म्हणजे गावाची खेळायची-नाचायची जागा. मी फोनला सांगते, फोन लिहितो, नमिता वाचून बघते आणि मग टाकते. कोरगावापासून कुवेतपर्यंत लोक वाचतात. आहात कुठं!

आता माझी एक पद्धत होती. गावात दशावतार असला की मी आधी वेबसाईटवर सगळं आख्यान सांगून टाकायची. राक्षस शेवटी मरतो हे काय कुणाला ठाऊक नसतं? म्हणून लोक घरी बसतात का? तो कसा मरतो, मरताना किती ओरडतो, ते बघायला येतात! मी जेवढं जास्त सांगायची, तेवढी गर्दी जास्त.

यंदा माझ्या पुतण्यानं, उत्तमनं, जत्रेला नाटक बसवलं. तो वास्कोला बंदरात कामाला. दर सुट्टीला बसनं येऊन तालमी घेतल्या. देवस्थानच्या मंडळींनी त्याला बजावलं होतं, "यंदा तुला देतो. पण नाटक पडलं, तर पुढच्या वर्षापासून परत बाहेरची कंपनी आणणार." पोरगा नुसता धास्तावला होता. मला म्हणाला, "काकी, तुझ्या वेबसायटीर जोरात जाहिरात कर. गाव लोटलो पाहिजे!"

"तू काळजी करू नको," मी म्हटलं.

तालमीला चहा नेऊन नेऊन मला नाटक पाठ झालं होतं. एक भाटकार, म्हणजे मोठा जमीनदार, घरात मरून पडतो. घरात त्याचा भाऊ, बायको आणि डॉक्टर. उत्तम स्वतः इन्स्पेक्टर. असलं नाटक आमच्या गावात पहिल्यांदाच.

तीन दिवस राहिले आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. पुढच्या बाल्कांवात, ओट्यावर, बसले की आत जावंसं वाटे, आत गेले की परसात. नमिता फॅक्टरीत निघाली होती. म्हणाली, "आई, बोलून ठेवा. मी कामावरून आले की बघून टाकते." संध्याकाळपर्यंत थांबू? मी? भात शिजेपर्यंत तीनदा झाकण काढणारी बाई मी! ते टाकायचं हिरवं बटण मला ठाऊक होतं. फोनला सांगितलं आणि दिलं दाबून.

काय सांगितलं? "जत्रेला नवीन नाटक. भाटकाराला डॉक्टर औषधाच्या बाटलीतून विष घालतो. कुणाला संशय येत नाही. आपला गुणाजी डॉक्टरचं काम झकास करतो. विष कसं घालतो ते बघायला सगळ्यांनी यावं." वर गुणाजीचा बाटली धरलेला फोटो! त्या रात्री नमिता ओव्हरटाईम करून उशिरा आली आणि तशीच झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोंक पोंक करत पोदेर सायकलीवरून पाव घेऊन आला. उंडे मोजता मोजता म्हणाला, "आजी, तो डॉक्टर दिसायला किती गरीब, नाय?"

मी खूष! पोदेरापर्यंत जाहिरात गेली म्हणजे घरोघरी गेली. फुलं द्यायला देवळात गेले तर तिथंही डॉक्टर. दुकानात डॉक्टर. मी छाती काढून घरी आले, तर फोन वाजला. वास्कोहून उत्तम.

"काकी..." आणि नाक ओढल्याचा आवाज.

"रडतोस की काय रे? एवढा आनंद झाला?"

"काकी, खुनी कोण ता सांगितलंस गे तू!"

"मग? विष कसं घालतो तेसुद्धा सांगितलं!"

"अगे, ता शेवटपर्यंत कळता नये! तेच तर नाटक!"

"मग लोकांनी दोन तास बसून करायचं काय?"

"खुनी शोधायचो!"

"लोकांनी? मग तू इन्स्पेक्टर कशाला झालास?"

त्यानं फोन ठेवला. मी कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसले, उठले, परत बसले. पोराच्या इतक्या महिन्यांच्या मेहनतीवर मी एका बोटानं पाणी ओतलं होतं. आता लोक येणार नाहीत, आले तर जांभया देणार, आणि पुढच्या वर्षी बाहेरची कंपनी!

पुसून टाकूया म्हटलं. पण पुसायचं बटण कुठलं? ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. मला फक्त हिरवं ठाऊक. मग हिरव्यानंच निस्तरायला घेतलं.

"काल सांगितलं ते चुकून. डॉक्टर खुनी नाही. भाऊ खुनी आहे." दाबलं.

लगेच शेजारीण कुंपणावरून, "शेवंती, म्हणजे दोघांनी मिळून मारलो?"

परत फोन घेतला. "भाऊसुद्धा नाही. कोण ते मी सांगणार नाही. पण नाटक बघताना डॉक्टरकडे कुणी बघू नये." दाबलं!

संध्याकाळी नमिता आली. माझ्या तिन्ही जाहिराती वाचून दाखवल्या. एकेक ऐकताना मला माझीच लाज वाटत गेली. ती हसतही नव्हती, रागावतही नव्हती. नुसता हात पुढं केला. "आई, फोन."

दिला.

जत्रेच्या दिवशी उत्तम आला. वाटलं, चार शब्द बोलेल. मला शिव्या चालल्या असत्या, पण तो म्हणाला, "काकी, चहा दी." बस. त्याहून वाईट काही असतं का?

संध्याकाळी मांडवामागच्या रंगपटात सगळे नट जमले. मी किटली घेऊन दारापर्यंत गेले, तर आत गुणाजीचा आवाज. गुणाजी म्हणजे दशावतारात जन्मभर राक्षस झालेला माणूस, कुजबुजला तरी नदीपलीकडे तेरेखोलला ऐकू जावं. "दशावतारात कुठं काय लिहिलेलं असता? उभं रवायचं नि बोलायचं! आज शेवट बदलूया!"

मी हळूच आत डोकावले.

"काकी," गुणाजी ओरडला, "तू भायर! किटली आत, तू भायर!"

दार बंद.

आता झाली का पंचाईत! सबंध जन्मात पहिल्यांदा नाटक सुरू होणार आणि शेवट मलाच ठाऊक नाही! मांडवाभोवती किती फेऱ्या घातल्या देव जाणे. आजकाल सकाळी सगळ्यांना ड्युटी, म्हणून नाटक साडेसातला लागतं. सातलाच मांडव भरला. म्हातारी खरं बोलली की खोटं, ते बघायला गाव लोटलं होतं. मी पुढच्या रांगेत, नमिता बाजूला, फोन तिच्या पर्समध्ये.

डॉक्टर बाटली घेऊन आला मात्र, मागून आरडाओरडा, "आलो, खुनी आलो!"

गुणाजी थांबला. लोकांकडे बघितलं. बूच काढलं आणि अख्खी बाटली स्वतःच घटाघटा पिऊन टाकली! वर ढेकर दिला. मग अशा टाळ्या, अशा टाळ्या!

मग भाऊ. तो बिचारा त्या रात्री गावातच नव्हता. मग बायको? तिच्याकडे औषधाच्या कपाटाची किल्लीच नव्हती. अरे मग मारलं कुणी? मी उठायची, नमिता पदर धरून खाली बसवायची. तेव्हा मला कळलं बरं का, उत्तम काय म्हणत होता ते. शेवट ठाऊक नसला की माणसाला बसवत नाही! मी तर पापणी हलवायला तयार नव्हते.

शेवटी उत्तम, म्हणजे इन्स्पेक्टर, रंगमंचाच्या कडेला आला. थेट लोकांसमोर, दशावतारातला राजा येतो तसा.

"मंडळी, खुनी या घरात नाही. खुनी या मांडवात बसला आहे!"

जो तो शेजारच्याचं तोंड न्याहाळू लागला.

"या घरातलं रहस्य जिवंत होतं. धडधाकट होतं. तीन दिवसांपूर्वी, सकाळी, सूनबाई कामावर गेल्याची संधी साधून, खुन्यानं एका बोटानं त्याचा जीव घेतला! आणि तो खुनी पुढच्या रांगेत बसला आहे!"

सगळा मांडव पुढच्या रांगेकडे बघायला लागला.

आणि मी काय केलं? मीपण उभी राहिले, मान लांब केली, आणि रांगेत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. नमिताला म्हटलं, "कोण गे तो मेला?"

हसण्यानं मांडव पडायचा राहिला! पोदेर तर कदेलीवर उभा राहून शिट्ट्या मारत होता. गुणाजी पत्र्याची बेडी घेऊन खाली उतरला, मला हाताला धरून वर नेलं, आणि पडदा पडला तो माझ्यावर.

देवस्थानच्या मंडळींनी तिथंच जाहीर केलं, पुढच्या वर्षीही उत्तमचंच नाटक. एकच अट, काकीला तालमीला घ्यायचं नाही. उत्तमनं तेव्हा मला मिठी मारली. म्हणाला, "काकी, उद्या सकाळी चहा घेऊन ये," आणि मग गुणाजीकडे बघून, "आमच्या घरी गे, तालमीक नाय!"

दुसऱ्या दिवशी नमितानं वेबसाईटवर कोणी कुठलं काम केलं ते टाकलं आणि मला वाचून दाखवलं. डॉक्टर, गुणाजी. इन्स्पेक्टर, उत्तम. खुनी, शेवंती काकी. तेव्हापासून देवळाच्या पुढच्या वाटेनं गेले की पोरं ओरडतात, "आली, खुनी आली!"

जन्मभर नाटकं बघितली, आणि रंगमंचावर पाय ठेवला तो असा. खुन्याचं काम, आणि तोंडी एक शब्द नाही! असणार कुठून? माझी सगळी भाषणं मी तीन दिवस आधीच करून बसले होते.